शाळेची नवी इमारत होते आहे. त्यात गावासाठी जागा मागावी का?

खाडीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मंडणगड तालुक्यातील आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेची जुनी इमारत निर्लेखित (म्हणजे पाडण्यासाठी नोंदीतून कमी) झाली असून तिच्या जागी दोन नव्या वर्गखोल्या मंजूर झाल्या आहेत. जुनी इमारत जांभ्याची आणि मंगलोरी कौलांची होती, आणि तिच्यापुढे चांगली ऐसपैस पडवी होती. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात कौले आणि निम्मे वासे गेले. तेव्हापासून पत्रे घालून वर्ग चालू आहेत.

नव्या कामाचा नकाशा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत दाखवण्यात आला. स्लॅबच्या दोन खोल्या, पुढे दोन माणसे जेमतेम शेजारून जातील एवढा व्हरांडा, सभोवती संरक्षक भिंत आणि फाटक. मुलांच्या दृष्टीने त्यात वावगे काहीच नाही. मात्र जुन्या पडवीत जे जे चालत असे, त्यांपैकी एकाही गोष्टीला या नकाशात जागा नाही. पावसाळ्यात गणपतीआधी जाखडीची, म्हणजे आमच्या कोकणी फेराच्या नाचाची, तालीम तिथेच होई, कारण आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उघड्यावर नाचायचे तर सोडाच, उभे राहणेही शक्य नसते. बचत गटाची बैठक, लसीकरण, चाकरमानी आल्यावर मे महिन्यातील बक्षीस समारंभ, हे सारे त्या पडवीतच होत असे.

गावात दोन मते आहेत. एका बाजूचे म्हणतात की शाळा मुलांची आहे, गावाने आपला पसारा दुसरीकडे मांडावा. दुसऱ्या बाजूचे म्हणतात की शाळेची जमीन गावानेच दिली, त्यामुळे शाळा गावाची आहे. गावच्या चाकरमान्यांचे मुंबई मंडळ वर्गणी द्यायला तयार आहे, पण त्यांना मैदानाच्या टोकाला चार फूट उंच रंगमंच आणि त्यावर मंडळाच्या नावाची कमान हवी आहे. माझे स्वतःचे मत जागा मागावी असे आहे. नेमके काय मागावे आणि कोणाकडे, याविषयी येथील जाणकारांनी लिहावे.

रेवती_दापोली

मी जिल्हा परिषदेची निवृत्त मुख्याध्यापिका आहे आणि माझे मत तुम्हाला रुचणार नाही. शाळेचे आवार संध्याकाळी गावाला द्यावे, हे ऐकायला फार छान वाटते. सकाळी साडेनऊला फाटक उघडणाऱ्या बाईंना विचारा. नळाची तोटी निघालेली, फळ्यावर कोणाचे तरी प्रेमप्रकरण, पायरीवर गुटख्याच्या पुड्या आणि कोपऱ्यात बाटल्या. शिपाई नाही, सफाईला अनुदान नाही, म्हणजे झाडू मारायला एक तर आम्ही, नाही तर मुले. मुलांनी मारला की त्याचे फोटो काढायला पुन्हा गावच येते.

शिवाय काळ बदलला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर शाळांमध्ये सीसीटीव्ही सक्तीचे करण्यात आले. आवारात कोण येते आणि कोण जाते, याची जबाबदारी मुख्याध्यापकावर असते. त्या जबाबदारीबरोबर गावाची वर्दळ कशी सांभाळायची, हे मागणी करणाऱ्यांनी आधी सांगावे. बचत गटाच्या बायकांना मात्र मी कधीच नाही म्हटले नाही, कारण त्या जाताना खोली झाडून जात.

गवताळ

नव्या इमारतीला एकदा रेल्वेच्या डब्याचा रंग दिला की संस्कृतीचा प्रश्न आपोआप सुटतो, असा आमच्या तालुक्यातील अनुभव आहे. आता तालुक्यात सात डबे आहेत, इंजिन अजून मंजूर व्हायचे आहे.

शाखा_अभियंता

खाडीकाठ साहेब, पहिला प्रश्न असा की काम सध्या कोणत्या टप्प्यावर आहे? तांत्रिक मान्यता झाली नसेल तर बरेच काही शक्य आहे. निविदा निघून कार्यारंभ आदेश मिळाल्यावर एक खिडकी हलवायची म्हटली तरी सुधारित अंदाजपत्रक लागते, आणि ते घेऊन टेबलाटेबलावर फिरायला कोणी तयार नसते. बहुतेक गावे नेमकी तेव्हाच जागी होतात, जेव्हा पाया खणला जातो.

दुसरी गोष्ट लेखाशीर्षाची. वर्गखोली बांधकामासाठी आलेला पैसा वर्गखोलीवरच खर्च होतो. त्यातून सभागृह मागाल तर ते कागदावरच मरेल. त्यामुळे मोठे काही मागू नका. मंजूर कामाच्या आतच बसतील असे बदल मागा, आणि बाकीचे ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या निधीतून किंवा आमदार निधीतून शेजारी घ्या. दोन्ही कामांचे जोते एकाच पातळीवर येईल एवढे मात्र आत्ताच नकाशावर पक्के करून घ्या. मी पाहिलेल्या एका शाळेत वर्गखोल्या आणि शेजारची पत्र्याची शेड यांच्या जोत्यांत दीड फुटाचा फरक पडला, आणि त्या फरकामुळे दोन्ही जागा कधीच एकत्र वापरता आल्या नाहीत.

माझ्या मते मागण्यासारखे काय आहे ते सांगतो. व्हरांडा रुंद करा. दोन मीटरचा तीन मीटर झाला तर खर्च फार वाढत नाही, पण उपयोग पूर्णपणे बदलतो. शौचालयांपैकी एकाचे दार असे ठेवा की वर्गांकडे न जाता बाहेरून तिथे पोहोचता येईल. वर्गांच्या रांगेचे कुलूप वेगळे आणि व्हरांड्याचे वेगळे ठेवा. व्हरांड्यातील दिव्यांना वेगळा वीजमीटर घ्या, कारण मी पाहिलेली निम्मी भांडणे वीजबिलावरून सुरू झालेली आहेत. रेवतीताईंच्या बहुतेक तक्रारींचे मूळ असे आहे की गावाला एक दिवा आणि एक संडास हवा असतो, आणि त्यासाठी सगळी शाळा उघडावी लागते.

दोन वर्गांमध्ये घडीची भिंत घालण्याचा मोह टाळा. जुन्या शाळांत लाकडी फळ्यांची विभागणी असे आणि संमेलनाला ती काढली जाई, हे खरे आहे. पण खाडीकाठच्या खाऱ्या हवेत लोखंडी घडीचे दार दोन पावसाळ्यांत गंजून अडकते, आणि तोवर पहिलीतील पाढे चौथीला ऐकू येत असतात.

ढोलकी

धागाकर्त्यांनी जाखडीचा उल्लेख केला म्हणून लिहितो. मंडळाला हवा असलेला चार फुटी रंगमंच जाखडीच्या काही कामाचा नाही. गाणारा आणि ढोलकीवाला मध्ये बसतात आणि पायात घुंगरू बांधलेली पोरे त्यांच्याभोवती फेर धरून नाचतात. बघणारी माणसेही चहूबाजूंनी उभी राहतात. त्याला सपाट जमीन लागते, आणि पंधरा ते वीस फुटांचा घेर मोकळा लागतो. मध्ये खांब आला की फेर मोडतो. रंगमंचावर चढवले की अर्धी पोरे प्रेक्षकांना पाठ करून नाचतात आणि माईक एकाच्याच तोंडासमोर राहतो.

अभियंता साहेबांचा तीन मीटरचा व्हरांडा बैठकीला उत्तम आहे, पण तालमीला तो पुरणार नाही. जोत्याच्या पातळीला लागून एक पत्र्याची शेड हवी, मध्ये खांब नको आणि खाली कोबा नको. कोब्यावर तासभर नाचल्यावर गुडघ्यांचे काय होते, हे फरशीवर न नाचलेल्या माणसाला सांगून कळत नाही. शेणाने सारवलेली जमीन आता कोण सांभाळणार, हे मान्य आहे. निदान चोपलेली मातीची जमीन ठेवावी.

शाहीर_खेडचा

ढोलकी दादा, तुमचे म्हणणे वीस वर्षांपूर्वीचे आहे. आज शक्ती-तुऱ्याचा, म्हणजे दोन शाहिरांच्या सवाल-जवाबाचा, सामना लागतो तो मंचावरच, समोर खुर्च्या, वर दिवे आणि दोन्ही शाहिरांसाठी वेगळे माईक. मुंबईत तिकीट लावून प्रयोग होतात. पोरांना मंचाची सवय नसेल तर तिथे गेल्यावर गोंधळतात. गावाला रंगमंच मिळत असेल तर घ्यावा, गुडघ्यांचे आम्ही बघू.

ढोलकी

सामना आणि तालीम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सामन्याला भाड्याचा मंच दोन दिवसांत उभा राहतो. आषाढ-श्रावणात दीड-दोन महिने रोज रात्री लागणारी कोरडी जागा भाड्याने मिळत नाही, आणि धाग्याचा प्रश्न त्या जागेचा आहे.

उमरगेकर

आमच्या भागात हे सर्व एकदा फार मोठ्या प्रमाणावर होऊन गेले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती विसर्जन करून माणसे नुकतीच झोपली होती. त्यानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवण्यात आली. जागतिक बँकेचे कर्ज, देशभरातून आलेल्या देणगीदार संस्था आणि सरकार यांनी मिळून घरे, शाळा, समाजमंदिरे, अंगणवाड्या बांधल्या. बांधकामाच्या मजबुतीबद्दल मी काही वाईट बोलणार नाही.

पण नवी गावे चौकटीच्या वहीसारखी आखली गेली. रस्ते रुंद, प्लॉट सरळ, आणि जमीन किती यावरून घर कोणत्या आकाराचे हे ठरलेले. त्यामुळे गाव मूळ गावठाणाच्या कित्येक पट पसरले. जुन्या गावात देवळासमोरचा पार, वेशीतली बसायची जागा, वाड्याच्या ढेलजा, या सगळ्या जागा कोणत्याही यादीत नव्हत्या. त्या आपोआप तयार झालेल्या होत्या. नव्या नकाशात त्यांच्याऐवजी समाजमंदिर नावाचा एक चौकोन आला. आमच्या आजोळच्या गावात तो चौकोन अशा ठिकाणी पडला की तिथे जायला वाटेत दुसरे काहीच कारण नव्हते. काही वर्षांत त्यात खताची पोती आली.

शाळेचे मात्र उलट झाले. शाळेत पोरे रोज जातात, त्यांना न्यायला आया येतात, त्यामुळे फाटकाबाहेर लिंबाखाली आपोआप बैठक जमू लागली. म्हणून माझे सांगणे असे की गावाची जागा शाळेला लागूनच हवी, पण तिच्यासाठी वेगळी खोली बांधू नका. माणसांची पावले जिथे आधीच पडतात, तिथे सावली आणि बसायला कट्टा द्या. फाटक कोणत्या बाजूला, हा प्रश्न मला रंगमंचापेक्षा मोठा वाटतो. तुमच्या नकाशात फाटक कुठे आहे?

खाडीकाठ (धागाकर्ता)

उमरगेकर साहेब, फाटक मागच्या बाजूला, डांबरी रस्त्याकडे आहे, कारण साहित्याची गाडी तिथून येते. वाडीतून येणारी पाखाडी (दगडी पायवाट) दुसऱ्या अंगाला आहे आणि तिथे आता भिंत येणार आहे. हे माझ्या लक्षातच आले नव्हते.

केंब्रिजकर

मी पंधराएक वर्षे इंग्लंडमध्ये राहतो. आमच्या मराठी मंडळाचा गणपती आणि दिवाळीचा कार्यक्रम दरवर्षी भाड्याने घेतलेल्या शाळेच्या सभागृहातच होतो, आणि इकडच्या बहुतेक मराठी मंडळांचे असेच चालते. त्यामुळे दाराच्या दोन्ही बाजूंचा थोडा अनुभव आहे.

आमच्या परगण्यात हेन्री मॉरिस नावाचे शिक्षणाधिकारी होऊन गेले. १९२४ साली त्यांनी असा प्रस्ताव मांडला की खेड्यांतील माध्यमिक शाळा, प्रौढांचे वर्ग, वाचनालय आणि सभागृह ही चार वेगळी बांधकामे करण्याऐवजी एकच वास्तू बांधावी, म्हणजे गरीब परगण्यालाही चांगली इमारत परवडेल. अशी पहिली शाळा सॉस्टन येथे १९३० मध्ये सुरू झाली. १९३९ मधील इम्पिंग्टनची शाळा वॉल्टर ग्रोपियस आणि मॅक्सवेल फ्राय यांनी रचलेली आहे आणि ती आजही वापरात आहे. तिथे वर्गांची रांग एका बाजूला आहे, प्रौढांसाठीचा भाग दुसऱ्या बाजूला किंचित वळण घेऊन गेलेला आहे, आणि सभागृह दोहोंच्या सांध्यावर आहे. शाखा अभियंता जे कुलपांविषयी सांगत आहेत, तेच तिथे भिंतींनी साधले आहे.

मात्र इकडचा नंतरचा इतिहास तितका गोड नाही. या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधील सगळ्या माध्यमिक शाळा नव्याने बांधण्याची किंवा सुधारण्याची प्रचंड योजना आली. शाळा समाजाला खुल्या असाव्यात, हे तिच्या उद्दिष्टांत होते. जुलै २०१० मध्ये नव्या सरकारने ती गुंडाळली आणि सातशेहून अधिक शाळांची कामे थांबली. ज्या झाल्या, त्यांतील अनेक खासगी कंपन्यांबरोबरच्या दीर्घ मुदतीच्या करारावर बांधल्या गेल्या. अशा शाळेत संध्याकाळी सहानंतर दार उघडायचे तर कंपनीचा माणूस थांबणार, त्याचे तासाचे पैसे पडणार. सभागृह समाजासाठी बांधलेले असते, पण समाजाला ते परवडत नाही.

आमच्या मंडळाला सार्वजनिक दायित्वाचा विमा काढावा लागतो, अनामत भरावी लागते, आणि आरतीला निरांजन लावायचे तर आधी लेखी विचारावे लागते, कारण धुराने आगीची घंटा वाजली तर अग्निशमन दल येते. एका वर्षी ती वाजली आणि अख्खे मंडळ मोदकांच्या डब्यांसह मैदानावर थंडीत उभे होते. तरीही लेखी नियमांचा एक फायदा सांगतो: मुख्याध्यापक बदलले तरी आमची तारीख बदलत नाही.

गवताळ

मोदक बाहेर आणले होते हे वाचून जीव भांड्यात पडला.

निळाई

आत्तापर्यंतच्या सगळ्या प्रतिसादांत ‘गाव’ हा शब्द असा वापरला गेला आहे की जणू गाव म्हणजे एक कुटुंब आहे. मंडणगड तालुक्यातच आंबडवे आहे, बाबासाहेबांचे मूळ गाव. त्या तालुक्यातील माणसांना वाड्या म्हणजे काय, हे मी सांगायला नको. देवळाचा सभामंडप आमदार निधीतून होतो, त्यावर गावाचे नाव असते, पण पालखीचा मान कोणाचा आणि पंगतीला कोण कुठे, हे ठरलेले असते. आमच्या वाडीने विहाराच्या बाजूला पत्रे टाकून आपली सोय केली. सगळ्या वाड्यांची पोरे ज्या एका छपराखाली बसतात, ते शाळेचेच आहे.

म्हणूनच मला शाळेत सार्वजनिक जागा हवी आहे, आणि म्हणूनच मंडळाच्या नावाची कमान नको आहे. ज्याची कमान, त्याचा कार्यक्रम आधी, हे न बोलता ठरते. गणपतीआधी जाखडीची तालीम व्हावी, जरूर व्हावी. १४ एप्रिलला भीमगीतांचा कार्यक्रमही त्याच छपराखाली, तोच दिवा लावून झाला पाहिजे, आणि त्यासाठी कोणाच्या ओसरीवर जाऊन विनंती करावी लागू नये. किल्ली कोणाच्या खुंटीला असेल, हे आधी सांगा, मग मी नकाशावर मत देईन.

दोन_शाळा

आमच्या गावात जिल्हा परिषदेच्या मराठी आणि उर्दू शाळा एकाच आवारात आहेत. दोन्ही शाळांत तारखांची एकच वही आहे. सहा महिने ती एका शाळेत असते, सहा महिने दुसऱ्या. जो आधी लिहील त्याची तारीख. आजवर एकदाच वाद झाला, तो क्रिकेटच्या सामन्यांवरून.

रेवती_दापोली

निळाई यांचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. किल्लीविषयी त्यांनी जे लिहिले आहे, ते मुख्याध्यापकाच्या बाजूनेही तितकेच खरे आहे. किल्ली माझ्याकडे असली की प्रत्येक नकार हा बाईंचा नकार होतो, आणि बाई बाहेरच्या गावच्या असतात. शाळा व्यवस्थापन समितीने तारखा ठरवाव्यात. शिक्षण हक्क कायद्यानुसार त्या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात, म्हणजे ती निदान कागदोपत्री तरी कोणा एका मंडळाची नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही शाळेची वास्तू शालेय वेळेबाहेर सामाजिक चेतना केंद्र म्हणून वापरावी, असे सुचवलेले आहे. तेव्हा मुख्याध्यापकाने परवानगी दिली म्हणून त्याच्यावर कोणी ठपका ठेवू नये, एवढा आधार आहे. सफाईचा मुद्दा मी सोडलेला नाही.

आवाजाचा मुद्दा अजून कोणी काढला नाही, म्हणून मीच काढते. ध्वनिप्रदूषण नियम २००० चे आहेत, त्यात शैक्षणिक संस्थांभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून धरण्याची तरतूद आहे, आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. ढोलकीला वीज लागत नाही, पण शाहिरांच्या दोन माईकांना लागते.

पटसंख्या

सर्वांना अप्रिय वाटेल असा प्रश्न विचारतो. शाळेत मुले किती आहेत? २०२३ मध्ये शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले होते. मंडणगड आणि दापोली पट्ट्यातील वाड्यांच्या शाळांची पटसंख्या सर्वांना ठाऊक आहे. तुम्ही पुढच्या पन्नास वर्षांची इमारत बांधत आहात, आणि पुढच्या दहा वर्षांत तिथे वर्ग भरेल की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. अशा वेळी गावाच्या उपयोगाची इमारत बांधणे हे संस्कृतीप्रेम नाही, साधा व्यवहार आहे. केवळ वर्ग म्हणून बांधलेल्या खोल्या शाळा बंद झाल्यावर काय होतात, ते पाहायचे असेल तर कोणत्याही घाटमाथ्याच्या वाडीवर जा.

खाडीकाठ (धागाकर्ता)

मुले चौदा आहेत. गावातील काही जणांचे म्हणणे नेमके याच्या उलट आहे की शाळेत गावाचा वावर वाढला तर ‘ही शाळा नसून समाजमंदिर आहे’ असे दाखवून ती लवकर बंद करतील.

पटसंख्या

शाळा बंद होते ती पटावरून, वावरावरून नव्हे. उलट ज्या इमारतीत रोज माणसे येतात, तिचे दार काढून नेणे जड जाते.

भुवनेश्वरहून

ओडिशात नोकरीनिमित्त राहतो. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात येथे सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यानंतर किनारपट्टीवर चक्रीवादळ निवारे बांधण्यात आले, आणि त्यांतील पुष्कळसे शाळेच्या आवारात आहेत. खाली खांबांवर मोकळी जागा, वर जायला जिना आणि उतरण, वरच्या मजल्यावर मोठे दालन. एरवी तिथे वर्ग किंवा अंगणवाडी भरते, गावातली कार्ये होतात. देखभालीसाठी गावाची समिती असते. वर्षातून एखाद्या वेळी लागणारी इमारत रोज वापरात राहते, म्हणून लागते त्या दिवशी तिचे कुलूप उघडते, दिवे लागतात आणि पाण्याची टाकी भरलेली असते.

निसर्ग वादळात ज्या शाळेचे छप्पर उडाले, तिच्या नव्या नकाशात हा विचार कोणी केला आहे का? शेडच्या पत्र्यांना साधे हूक लावू नका. पुढच्या वादळात तेच पत्रे गावावरून उडत जातील.

शाखा_अभियंता

भुवनेश्वरहून यांच्या शेवटच्या दोन वाक्यांना पूर्ण अनुमोदन. ढोलकी यांना हवी तशी, मध्ये खांब नसलेली शेड लोखंडी कैच्यांवर सहज होते, पण तीन बाजूंनी उघडी शेड वाऱ्याला छत्रीसारखी सापडते. पायाचे वजन आणि पत्र्यांचे बोल्ट यांची वाऱ्याच्या दाबासाठी स्वतंत्र तपासणी करून घ्या. मंडळाने कमानीवर खर्च करायचे ठरवलेले पैसे यावर खर्च केले, तर मंडळाचे नाव जास्त काळ टिकेल.

परळकर

मुंबईकर मंडळाचा विषय निघालाच आहे, तर परळच्या दामोदर नाट्यगृहाची आठवण करून देतो. १९२२ चे हे नाट्यगृह सोशल सर्व्हिस लीग या संस्थेच्या आवारात उभे राहिले. गिरणगावातील कामगार रंगभूमी आणि कोकणातील नमन, जाखडी यांचा तो हक्काचा मंच. २०२३ च्या अखेरीस पुनर्बांधणीसाठी ते बंद करण्यात आले, तेव्हा शाळेच्या नव्या इमारतीला जागा देताना नाट्यगृह आक्रसणार, अशी तक्रार करत कलावंत रस्त्यावर आले आणि प्रकरण विधिमंडळापर्यंत गेले. शिक्षणसंस्थेला वर्ग हवेत, हे काही पाप नव्हे. पण नाटक आणि शाळा शंभर वर्षे एका आवारात नांदली, त्या दोहोंना कागदावर मात्र एकमेकांच्या वाट्यातले चौरस फूट मागावे लागले. तुमच्या गावी तर नाट्यगृह नाही, फक्त एक पडवी आहे, आणि ती कोणत्याच नोंदीत नाही. जुनी इमारत पाडण्याआधी तिचे मोजमाप आणि तिथे काय काय चालत असे याचा ठराव ग्रामसभेत नोंदवून ठेवा. उद्या कोणी म्हणू नये की गावाला काही नव्हतेच.

तलाठी_आप्पा

एक राहून गेले. शाळेची जमीन कोणाच्या नावावर आहे? कोकणात कितीतरी शाळा तोंडी दिलेल्या जमिनीवर उभ्या आहेत, आणि सातबारावर अजून मूळ मालकाचे किंवा त्याच्या अकरा वारसांचे नाव आहे. वर्ग भरतात तोवर कोणी बोलत नाही. शेड उभी राहिली की पुण्यातला एखादा पुतण्या जागा होतो. बक्षीसपत्र झाले नसेल तर आधी ते करून घ्या. ग्रामपंचायतीचा निधी त्याशिवाय लागणारही नाही.

खाडीकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. आज सातबारा काढून आणला. आप्पांची शंका खरी निघाली, वारस अकरा नाहीत पण सहा आहेत, आणि त्यांतील चौघे मुंबई मंडळाचेच सभासद आहेत. त्यामुळे कमानीविषयी बोलणी करायला एक बाजू मिळाली आहे: कमान नको, बक्षीसपत्र द्या, नाव शेडच्या आत पाटीवर राहील आणि त्या पाटीवर सगळ्या वाड्यांच्या वर्गणीची नोंद असेल.

तांत्रिक मान्यता अजून झालेली नाही. समितीच्या बैठकीत व्हरांड्याची रुंदी, पाखाडीच्या बाजूला दुसरे लहान फाटक, बाहेरून दार असलेले एक शौचालय आणि वेगळा मीटर एवढेच मांडायचे असे ठरवले आहे. शेड ग्रामपंचायतीकडून, एकाच जोत्यावर, जमीन मातीची. तारखांची वही दोन_शाळा यांच्या पद्धतीने दर सहा महिन्यांनी वाडी बदलेल. निळाई, पहिले सहा महिने ती तुमच्यासारख्या वाडीकडे असावी असे मी सुचवणार आहे, त्याला विरोध होईल याची कल्पना आहे. सफाईचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. रेवतीताई, कार्यक्रमागणिक अनामत घ्यावी का?

रेवती_दापोली

घ्यावी, आणि ती सकाळी नऊ वाजता, झाडलेला व्हरांडा बघूनच परत करावी. रात्री कोणाला परत देऊ नका.

निळाई

सुचवा. विरोध झाला तर तो इतिवृत्तात नावानिशी येऊ द्या.

शाखा_अभियंता

दुसऱ्या फाटकाच्या बाजूला सेप्टिक टाकी दाखवलेली नाही ना, एवढे नकाशावर एकदा पाहून घ्या. ‘रिकामी जागा’ दिसली की आमच्याकडचे आरेखक टाकी तिथेच टाकतात.

खाडीकाठ (धागाकर्ता)

पाहिले. तिथेच आहे.